भगवानरावांची पहिली अखजी

टेंभुरवाडीला आग लागली हे सगळ्यात आधी कळलं ते आकाशातल्या एका उपग्रहाला. त्याने ते खाली कळवलं, खालच्या मोठ्या कचेरीने पुढे कळवलं, आणि तिथून सुटलेला निरोप जंगलखात्याच्या बीटगार्डच्या मोबाइलवर अगदी वेळेत येऊन पडला. सरकारच्या कामात खोट काढायला जागा नाही. फक्त झालं असं, की मोबाइल ढाणकीच्या एका दुकानात चार्जिंगला लावलेला होता आणि बीटगार्ड बिचारा वाडीच्या वरच्या टेकडीवर कडुलिंबाची फांदी घेऊन जाळ झोडपत होता. निरोप त्याने दुसऱ्या दिवशी वाचला.

आग कुणी लावली, असं विचाराल तर कुणीच नाही आणि सगळ्यांनी. मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात आणि खाली पालापाचोळ्याचा थर असला की त्यात हरवून जातात. म्हणून जो तो आपापल्या मोहाखालचा पाला पेटवून देतो. जमीन काळीभोर झाली की पिवळी फुलं लांबून दिसतात, वेचायला सोपी जातात. बापजाद्यांपासून हे असंच चालत आलं आणि दरवर्षी ती आग मोहाच्या सावलीएवढी जळून गुमान विझत आली. यंदा मात्र वारा सुटला. कुणाच्या मोहाखालून ती निघाली हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण त्या आठवड्यात काडी प्रत्येकानेच ओढली होती, त्यामुळे त्या माणसाचं नाव कुणी तोंडातून काढलं नाही. टेकडी जळाली, पलीकडच्या दोन वाड्या जळाल्या, आणि भर दुपारी ती टेंभुरवाडीत उतरली.

तानाबाई तेव्हा घरात एकटीच होती. तिचे मालक भगवानराव दिवाळीनंतर वारले होते आणि एकुलती मुलगी नंदा बोरी अरब गावी दिलेली होती. धूर दिसला तशी तानाबाई आधी गोठ्याकडे धावली. शेळ्या भेदरून ओढ घेत होत्या, त्यामुळे दाव्याच्या गाठी आवळल्या गेल्या होत्या. नखं मोडली, पण तिने एकूण एक शेळी सोडली. मागे वळून पाहते तर आगीने घराचं छप्पर धरलं होतं. आत भिंतीवर भगवानरावांचा फोटो होता. तिने उंबऱ्याकडे दोन पावलं टाकली, तोंडावर आग आली आणि ती मागे फिरली.

तो फोटो भगवानरावांचा एकुलता एक. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून उमरखेडच्या स्टुडिओवाल्याने काढून मोठा करून दिलेला. त्यात त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात तसाच राहून गेला होता. तानाबाईचं आधार कार्ड जळालं ते सरकारने पुन्हा छापून देतो म्हणून सांगितलं. मेलेल्या माणसाचा फोटो तसा छापून मिळत नाही. ती हे कुणाजवळ बोलली नाही, पण नंतर छावणीत ताडपत्रीखाली पडल्यापडल्या तिला तीच दोन पावलं आठवत. तिसरं टाकलं असतं तर, असं मनात येई आणि जीव कासावीस होई.

सरकार आलं ते मात्र जोरात आलं, हे कबूल केलं पाहिजे. दिवस मावळायच्या आत पाण्याचा टँकर आला, पाठोपाठ डॉक्टर आला, तहसीलदार आले. झेडपीच्या शाळेचे वर्ग उघडले गेले, पटांगणात निळ्या ताडपत्र्या ताणल्या, मोठ्या कढईत खिचडी शिजायला लागली. घरटी तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साबण आणि एक जाडजूड ब्लँकेट मिळालं. एप्रिलच्या उन्हाळ्यात ब्लँकेट पाहून लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. पण आपत्तीच्या सामानात ब्लँकेट असतंच, मग ती आपत्ती पुराची असो की आगीची. तानाबाईने ते घडी घालून उशाला घेतलं.

आणि एक हुकूम आला. तीन तालुक्यांतलं जंगल जळाल्यामुळे बातमी थेट दिल्लीपर्यंत गेली होती आणि केंद्राचं पथक पाहणीला येणार होतं. ते येऊन पाहून जाईपर्यंत जळक्या घरांना कुणी हात लावायचा नाही. राख उपसायची नाही, वासे उचलायचे नाहीत, सगळं जसंच्या तसं. पूर्वी कुठल्याशा गावात लोकांनी बिचाऱ्यांनी साफसूफ करून ठेवलं होतं, तर पथकाला दाखवायला काही उरलंच नव्हतं म्हणे. घर पूर्ण जळालं असं लागलं तर नवं घर बांधून मिळणार, थोडंफार जळालं असं लागलं तर डागडुजीपुरतं काहीतरी हातावर पडणार. हे सगळं लोकांना समजावून सांगायचं काम तलाठी साधनाकडे आलं.

साधना यवतमाळची पोर, नोकरीचं दुसरंच वर्ष. हल्ली तलाठ्याला सरकारने लांबलचक नवं नाव दिलंय, पण वाडीच्या जिभेवर ते अजून बसलेलं नाही, ती तलाठीबाईच. आग लागल्यापासून ती घरी गेली नव्हती. शाळेच्या ऑफिसात दोन बाकं जोडून झोपायची आणि दिवसभर राखेतून घरोघर हिंडायची. तिच्या चपलेचे तळवे एकदा गरम राखेत वितळले तेव्हा तानाबाईनेच तिच्या पायांना कोरफड लावून दिली होती. त्या दिवसापासून ती तानाबाईला मावशी म्हणायला लागली होती.

पथक कधी येणार, तर आज येणार, उद्या येणार, असं चाललं होतं. आणि त्यातच अखजी जवळ आली.

अक्षय तृतीयेला इकडे अखजी म्हणतात आणि तो दिवस असतो पितरांचा. नवी घागर भरायची, चिंचगुळाची चिंचवणी करायची, वरणभात, कढी, वडे रांधायचे. घरातला जो गेला असेल त्याच्या जागी त्याच्या वयाचा एक माणूस पितर म्हणून जेवायला बसवायचा. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, त्याने सकाळपासून तोंडात काही घालायचं नाही. जेवण घरच्याच चुलीवर झालं पाहिजे आणि पहिला घास त्याच चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. दुपार कलायच्या आत हे सारं उरकायचं. आणि पितर जेवत असताना घरातलं बरंवाईट त्याच्या कानावर घालायचं, कारण नंतर वर्षभर तो काही ऐकायला येत नाही. गेलेल्या माणसाची पहिली अखजी चुकली तर तो दारातून उपाशी परत जातो, अशी समजूत आहे. तानाबाईसाठी ती समजूत नव्हती, ते डोळ्यांसमोर दिसत होतं. भगवानराव जिवंतपणी भुकेला फार कच्चे होते.

नंदाचा फोन आला, की आई इकडे ये, अखजी इथेच घालू. तानाबाई म्हणाली, तुझ्या बापाने तुझं घर पाहिलंय ते दोनदा, तेही एसटीतून उतरून विचारत विचारत आले होते. आता त्यांना कोण रस्ता सांगणार? 

पितर म्हणून बसायला मारोती तयार झाला. मारोती म्हणजे भगवानरावांचा जोडीदार. तेंदूपत्त्याला दोघं संगतीने जायचे, एका चिलमीवर भांडायचे. आदल्या संध्याकाळी तानाबाईने त्याला रीतसर सांगितलं आणि त्यानेही वहिनी, चिंता नको म्हणून शब्द दिला. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

अखजीच्या दिवशी उजाडताच तानाबाई आपल्या घरी गेली. घरी म्हणजे काय, चार काळ्या भिंती आणि मधोमध कोसळलेलं आढं. चुलीच्या कोपऱ्यातली तेवढी राख तिने पाटीत भरून बाहेर टाकली. चूल तडकली होती, तिला मातीने लिंपलं. पुढची चार हात जागा शेणाने सारवली. ढाणकीच्या बाजारातून आणलेली लाल घागर ठेवली, सरकारी तांदूळ आधण आल्यावर टाकला आणि आगीनंतर पहिल्यांदाच त्या चुलीतून धूर निघाला.

तो धूर शाळेतून साधनाला दिसला. ती पळतच आली. तिच्या हातात स्टीलची चिमुकली डबी होती आणि डबीत तूप होतं, घासाला लागतं असं तिने बायकांच्या बोलण्यात ऐकलं होतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून तिच्या घरी पितर वगैरे काही नव्हतं, तरी तिने कालच माणूस पाठवून तूप मागवलं होतं. पण मावशी शाळेमागे तीन दगड मांडून स्वयंपाक करेल, अशी तिची समजूत होती. सारवलेली जमीन पाहून तिचा चेहराच उतरला.

“मावशी, पथक आजच येऊन राह्यलं. थोडी राख पसरवू द्या मले इथं. ते गेले की मीच सारवून देते.”

“कवा येते पथक?”

“अकरापर्यंत येतो म्हणाले.”

“म्हणजे येईन दुपार कलल्यावर. तवर ह्याइनं कुठं थांबाचं? दारात?”

साधनाने परोपरीने सांगून पाहिलं. फोटो काढतात, त्यात चूल पेटलेली दिसली तर घर वापरात आहे असं धरतील, अर्धवट नुकसान लावतील, मग आयुष्यभर ताडपत्रीखाली राहाल.  तिला खरोखरच भीती वाटत होती. तानाबाई ऐकत होती आणि भात ढवळत होती.

“घर जाईल मावशी,” साधना शेवटी म्हणाली.

“घर त गेलंच हाय न बाई. आता ह्याइचं जेवण बी जाऊ देऊ?”

 साधनाने डबी चुलीपाशी ठेवली आणि वड्यांसाठी डाळ वाटायला बसली. तलाठीबाई डाळ वाटतेय हे पाहायला दोन बायका आल्या आणि पाहून गेल्या.

स्वयंपाक होत आला तरी मारोतीचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने तो आला, पण आत आला नाही. जळक्या चौकटीबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

झालं होतं असं, की पथक यायच्या आत सगळं आवरलेलं असावं म्हणून छावणीत त्या दिवशी नाश्ता लवकर दिला होता. आणि रोजची खिचडी नव्हे, पाहुणे येणार म्हणून खास पोहे. वर शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबाची फोड. सकाळी वाढणारा पोरगा बशी हातात देऊन पुढे गेला, मारोती शेजाऱ्याशी पथकाबद्दल बोलत होता, आणि बोलता बोलता हात आपोआप तोंडाकडे गेला. इतके दिवस खिचडी खाऊन विटलेल्या माणसाला पोह्यांचा वास आला म्हणजे डोकं जागेवर राहत नाही.

“वहिनी, मी चुकलो,” तो म्हणाला.

“जेवले?”

“पोहे.”

“किती?”

“दोन बश्या.”

तानाबाई चुलीपाशी बसूनच राहिली. तिला राग आला नाही. दुसरा कुणी पाहावा तर हुकुमामुळे बाकी कुणी यंदा अखजी मांडलीच नव्हती आणि वाडीतल्या यच्चयावत पुरुषांनी पोहे खाल्ले होते. बायका उपाशी होत्या, पण पुरुषाच्या जागी पुरुषच बसवायचा असतो. मारोती घरोघरच्या ताडपत्र्यांखाली डोकावून आला. एक तापाने फणफणलेला म्हातारा तेवढा पोह्यांच्या बाबतीत निरंक निघाला, पण त्याला उठून बसवेना. उन्हं डोक्यावर यायला लागली. तानाबाई भांड्यावर झाकण ठेवायची आणि उगाच काढून पाहायची. मारोतीच्या डोळ्यांत पाणी आलं. भगवान, तुह्या नशिबी मी कसा रे दोस्त, असं काहीसं तो पुटपुटत होता.

आणि नेमकं तेव्हाच पथक आलं. सरकारी गाड्या वेळेवर येत नाहीत म्हणतात, त्या दिवशी त्या दुपारच्या आत आल्या.

पुढे तहसीलदार, मधे दिल्लीचे साहेब, मागे त्यांचा तरुण सहायक, हातात टॅब घेऊन. साहेब पिकल्या केसांचे, अंगाने बारीक, डोक्यावर कापडी टोपी. रुमाल सारखा तोंडावरून फिरवत होते. ते प्रत्येक घरापाशी थांबत, वाकून आत पाहत, माणसं किती, जनावरं किती, असं विचारत आणि हात जोडून पुढे जात. कंटाळलेले दिसत नव्हते, थकलेले दिसत होते.

तानाबाईच्या घरापाशी आल्यावर सहायकाने टॅब वर केला आणि खाली घेतला. चूल पेटलेली, जमीन सारवलेली, घागर भरलेली.

“सर, ये घर तो यूज़ में है,” तो म्हणाला. “पार्शियल लिख दूँ?”

तहसीलदारांनी साधनाकडे पाहिलं. ते पाहणं चांगलं नव्हतं. साधना पुढे झाली आणि तिच्या यवतमाळी हिंदीत सांगायला लागली, की सर, सगळं जळालंय, ही चूल आज सकाळीच लिंपली, आज त्यांच्या पतीचं, म्हणजे ते वारले आहेत, त्यांचं जेवण असतं. शब्द अडखळत होते. सहायक पोरगा काही वाईट नव्हता, त्याने तोडगाही सुचवला. मावशींनी घागर आणि भांडी थोडा वेळ बाजूला घेतली, चुलीतली लाकडं ओढली, तर फोटो नीट येईल. साधनाने ते मराठीत सांगायच्या आधीच तानाबाईला कळलं. तिने मान हलवली आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

साहेब चौकटीपाशी आले, बूट काढले आणि सारवलेल्या जागेला वळसा घालून राखेतून आत गेले. चारी बाजूंनी पाहिलं. मग वर पाहिलं. वर पांढरं ऊन होतं आणि एक घार फिरत होती.

“छत किधर है?” त्यांनी सहायकाला विचारलं.

“नहीं है, सर.”

“तो फिर?”

सहायकाने खाली मान घालून लिहिलं. साधनाने श्वास सोडला तो तहसीलदारांनाही ऐकू गेला. तानाबाईला नवं घर मिळणार होतं. पण खरं सांगायचं तर तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती सावल्या पाहत होती. भिंतीची सावली आखडून पायाशी आली होती.

साहेब निघाले. दारात आलेला माणूस निघाला की त्याला जे विचारायचं असतं, तेच तिने सवयीने विचारलं.

“जेवले काय जी?”

साहेबांना तेवढं मराठी कळलं. ते हसले. नाही म्हणाले, सकाळपासून काही नाही. आदल्या रात्री विश्रामगृहावर झणझणीत रश्शाचं जेवण झालं होतं, त्याने पोटाचं जे व्हायचं ते झालं होतं, तेव्हापासून पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं.

तानाबाईने मारोतीकडे पाहिलं. मारोतीने साधनाकडे पाहिलं. साहेबांच्या केसांकडे, हातांवरच्या शिरांकडे तिघांनीही पाहिलं. वय जुळत होतं. भगवानराव असते तर एवढेच असते.

“आपल्यातले नाईत,” तानाबाई हळूच म्हणाली.

“उपाशी हायेत वहिनी,” मारोती म्हणाला. “आपल्यातला होतो थो मी, त काय दिवे लावले?”

साधनाने साहेबांना काय सांगितलं ते तिचं तिला नंतर आठवेना. एवढंच, की घरमालक आज घरी जेवायला येणार आहेत, त्यांच्या जागी कुणीतरी बसायचं असतं, आणि वाडीत उपाशी पुरुष एकच आहे. सहायकाने अदबीने आठवण करून दिली, की आपदाग्रस्तांकडून काही घ्यायचं नाही असा दंडक आहे. साहेबांना तो चांगलाच ठाऊक होता, त्यांनी स्वतःच तो कितीतरी सभांतून सांगितला होता. त्यांनी पुन्हा एकदा त्या छप्पर नसलेल्या घराकडे पाहिलं, टोपी काढून सहायकाच्या हातात दिली आणि विचारलं, “कहाँ बैठूँ?”

पाट जळाला होता. तानाबाईने ब्लँकेटची चौघडी घातली. सरकारी ब्लँकेटवर सरकार बसलं. तिने घागरीतल्या पाण्याने त्यांचे पाय धुतले, तेव्हा ते संकोचून पाय मागे घ्यायला लागले, पण साधनाने डोळ्यांनीच नको म्हटलं. कपाळाला कुंकू लावलं. पुढे पळसाची पत्रावळ मांडली. तहसीलदार भिंतीकडेला उभे राहिले, आणि त्यांनीही बूट काढले.

मग आगारी. भाताचा घास, त्यावर तूप, आणि तो निखाऱ्यांवर टाकायचा. तानाबाई हात पुढे करून थांबली. घास पडला की ज्वाला उठते, तशी ती उठणार होती, आणि याच घरात उठणार होती.  आग पाहिली की तिला अजून धडकी भरत होती, सकाळी चूल पेटवतानाही तिने तोंड फिरवून काडी लावली होती. साधना जवळ येऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. घास पडला, तूप चरचरलं, हातभर ज्वाला उठली आणि बसली. दुसरा घास तिने स्वतःहून टाकला.

साहेब जेवायला लागले. आधी भीतभीत, मग चिंचवणीचा घोट घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. बिघडलेल्या पोटाला आंबटगोड चिंचवणी, मऊ भात आणि तूप, याहून चांगलं काय असतं? ते मान खाली घालून, मन लावून जेवत होते. तानाबाई समोर बसून पाहत होती. पाहता पाहता तिला ते साहेब दिसेनासे झाले. पत्रावळीवर वाकलेलं एक पिकलं डोकं आणि भात कालवणारा हात, एवढंच दिसायला लागलं. इतके महिने त्या जागी कुणी बसलं नव्हतं.

आणि मग जे सांगायचं होतं ते तिच्या तोंडून आलं. आवाज इतका हळू होता की बाहेरच्यांना ऐकूही गेला नाही.

“ऐका न जी. आपलं घर जळलं. मी पयले शेळ्या सोडाले गेली. गाठी सुटता सुटेना. तवर आढं पडलं अन् तुमचा फोटू भितीलेच राह्यला. मले आत याचं होतं. पर मी भ्याली. उंबऱ्यातूनच मांगं फिरली मी.” पदराने तिने तोंड पुसलं. “राग आला काय तुम्हाले?”

साहेबांचा हात थांबला. त्यांनी साधनाकडे पाहिलं. साधनाने त्यांच्या कानाशी वाकून हिंदीत सांगितलं, काय विचारलंय ते, आणि कुणाला विचारलंय तेही. साहेबांनी नोकरीच्या उभ्या जन्मात हजारो माणसांना उत्तरं दिली होती. पाहतो, विचार करू, वरती कळवतो, नियमात बसलं तर करू. त्यातलं एकही इथे चालणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं.  त्यांनी आधी पाण्याचा घोट घेतला.

“नहीं,” ते म्हणाले. “कोई गुस्सा नहीं है.”

आणि मग, दिवसभर दारोदार तेच विचारत आले होते म्हणून म्हणा किंवा आणखी काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून म्हणा, त्यांनी विचारलं, “बकरियाँ तो ठीक हैं ना?”

तानाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. बाजारातून आलेले असोत, रानातून आलेले असोत, नाहीतर उमरखेडच्या दवाखान्यातून सुई टोचून आलेले असोत, भगवानराव चप्पल काढायच्याही आधी हेच विचारायचे. बायको कशी आहे हे जन्मात विचारलं नाही, आणि त्यावरून ती किती भांडली होती. आगीच्या दिवसापासून ती रडली नव्हती. लोक म्हणायचे म्हातारी कठीण काळजाची. आता तिला हसू फुटलं आणि त्याच्यासोबतच डोळे वाहायला लागले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

“बऱ्या हायेत जी,” ती म्हणाली. “साऱ्याच्या साऱ्या बऱ्या हायेत. एक गाभण हाय.”

साहेबांनी मान हलवली. तिने भाताचं भांडं पुढे ओढलं आणि मोठा डाव भरला. साहेबांचं पोट कधीच भरलं होतं, पण त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला नाही. तिने भात वाढला, वर तूप सोडलं आणि त्यांचं जेवण होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.